फोडणी पडायच्या आधी त्यांचा वाटा काढा

घरखर्च: वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या गठ्ठ्यात निम्मी पत्रं कुत्र्यामांजरांची निघाली. म्हणजे विषय घरखर्चाचाच, पण दुखणं शेपटीवालं. मे महिना आहे, आगोट (पावसाळ्याची बेगमी) भरायची वेळ, डबे आणि पैसे एकदमच मोजायला काढलेत सगळ्यांनी, त्यामुळे असेल. देवगडकडच्या एका पत्राला जरा ऐसपैस उत्तर देतेय कारण तशीच आणखी सातआठ आहेत, बाकीच्यांना थोडक्यात, रागावू नका.

प्रश्न: ताई, आम्ही देवगड तालुक्यात राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतली मुलगी. शिवाय मोती, गावठीच कुत्रा पण १५ किलो भरतो, आणि दोन मांजरं. नवरा बोटीवर खलाशी, म्हणजे जून-जुलै घरात. किराणा, मासळी, दूध, अंडी, गॅस सगळं धरून मी ८ हजारात महिना बसवते, मासेमारी बंदीचे दोन महिने साडेपाचच्या वर जाताच येत नाही. मागल्या वर्षी मुलीनं मोबाईलवर काहीबाही बघून तिघांना पाकिटातलं खाणं सुरू केलं, आता त्याचेच २३०० रुपये होतात. सासूबाई उठताबसता म्हणतात, "कुत्रो पेजेर वाढता, पाकिटार नाय." मुलगी म्हणते पेज दिलीस तर मोती आजारी पडेल. मी मधे. पाकीट बंद करू का?

उत्तर: आधी सासूबाईंचं बघू. त्या अर्ध्या बरोबर आहेत. कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगत आलाय, आणि २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की लांडग्यापेक्षा कुत्र्याला भात-भाकरीसारखं पिठूळ अन्न जास्त चांगलं पचतं, ते त्याच्या जनुकातच उतरलंय. तेव्हा भात चालतो. पण पेज म्हणजे बरंचसं पाणी, पोट टम्म होतं आणि दोन तासांनी बुवा परत दारात. आणि पूर्वीचा तो पेजेवर वाढलेला कुत्रा दिवसभर वाडीभर फिरून उंदीर, मासळीची डोकी, कुणाच्या परसातलं काय आणि कुणाच्या काय खाऊन यायचा, ते कुणी हिशोबात धरलं नाही. मोती बांधलेला असतो की मोकळा हे तुम्ही लिहिलं नाहीत. बांधलेला असेल तर त्याच्या पोटात तुम्ही घालाल तेवढंच जाणार.

मुलगीही अर्धी बरोबर, आणि मांजरांच्या बाबतीत तर पाऊण. मांजर हे पक्कं मांसाहारी जनावर. त्याला टॉरिन नावाचा एक घटक अन्नातूनच मिळावा लागतो, तो मासळी-मटणात असतो, भातात डाळीत नसतो. कमी पडला तर हळूहळू डोळे जातात, हृदय मोठं होऊन ढिलं पडतं, आणि हे हृदयाचं १९८७ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी सिद्ध केलं तेव्हापासून पाकिटातल्या खाण्यात टॉरिन नीट मोजून घालायला लागले. तेव्हा मांजराला दूधभातावर ठेवणं ही बचत नाही, ते नंतर वसूल होतं.

आता पैसे. पाकीट एकदम बंद करू नका, कमी करा. १५ किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात, नुसत्या पाकिटावर ठेवला तर दाणे २४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे महिन्याला सात किलोच्या वर, तिथेच तुमचे पैसे जातायत. त्याऐवजी पाकिटाचे ८० ग्रॅम, अर्धी वाटी कच्च्या तांदळाचा भात, एक अंडं, शंभर-सव्वाशे ग्रॅम मासळी नाहीतर चिकन, तांबड्या भोपळ्याची एक फोड आणि चमचाभर तेल, एवढ्यात मोतीचा दिवस होतो. पाकीट महिन्याला अडीच किलोवर येतं. तांदूळ चांगला घालायची गरज नाही, भाताच्या गिरणीवर कणी मिळते ती घ्या, मोतीला कणी आणि कोलममधला फरक कळत नाही (आमच्या खंड्याला कळत नाही निदान). अंडी महिन्याची तीस, म्हणजे एक ट्रे मोतीचा, तसा वेगळाच आणा म्हणजे कुणाचं अंडं कुणी खाल्लं ही भांडणं नाहीत.

मांजरांचं निम्मं निम्मं करा. ४ किलोच्या मांजराला दिवसाला २४० कॅलरी पुरतात, तेव्हा पाकिटाचे ३० ग्रॅम, म्हणजे लहान मूठभर, आणि बाकी ऐंशी-शंभर ग्रॅम शिजवलेली मासळी. पाकिटावर "कम्प्लीट" असा शब्द आहे का बघून घ्या, नसेल तर तो नुसता खाऊ, जेवण नाही. एवढं सगळं केलंत की पाकिटांचा खर्च निम्म्याखाली येईल, वर कणी-अंडी-मासळीचा थोडा वाढेल, तरी महिन्याला सातआठशे हाताशी राहायला हरकत नाही, तुमच्याकडे मासळी घरात येतेच त्यामुळे जास्तच.

पण खरी गोष्ट ही नाहीच. बहुतेक घरांत कुत्र्यामांजराचं एकतर वेगळं रांधतात आणि गॅस जाळतात, नाहीतर आपलं उरलेलं कालवण भातात कालवून घालतात. दोन्ही चूक. वेगळं रांधू नका आणि उरलेलं घालू नका, फोडणी पडायच्या आधी त्यांचा वाटा काढा. आमच्याकडे सकाळी कुकर लागतो त्यात खाली आमचा भात, मधल्या डब्यात कणी आणि भोपळा, वरच्या डब्यात मासळी पाण्यात नुसती, हळद नाही मीठ नाही. तोवर मी पाट्यावर (बरं, मिक्सरवर, पाटा आता वाळवणावर वजन ठेवायला) वाटण करते. कुकर पडला की वरचा डबा काढायचा, त्यांचं बाजूला, मग उरलेली मासळी वाटणात. बांगडे साफ करायला मागच्या पायरीवर बसले की आमची चिमी आधीच येऊन नळाच्या दगडावर बसते, सुरीचा आवाज ओळखते, डोकं कापून बाजूला टाकलं की पंजानं जवळ ओढते पण खात नाही, मी उकडून देणार हे तिला ठाऊक झालंय, नुसती मालकी सांगून ठेवते. डोकी आणि शेपट्या त्या डब्यात जातात, आमच्या ताटात मधले तुकडे. म्हणजे एकाच वाट्यात दोन घरं.

फोडणीआधी का, तर कांदा. आणि लसूणही. कच्चा असो शिजवलेला असो, भाजून वाटणात गेलेला असो, कांद्यानं कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मांजराला तर अगदी थोड्यानंही. आपल्या मालवणी वाटणात कांदा किती जातो ते मी तुम्हाला सांगायला नको. "आमचं मांजर आयुष्यभर कालवणभात खातंय" असं सांगणारे पुष्कळ भेटतात, ते मांजर किती वर्षांचं झालं ते विचारा.

मासळीचं अजून एक. कच्ची देऊ नका, काही माशांत असं द्रव्य असतं की ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं, शिजवलं की तो प्रश्न मिटतो, शिवाय जंतही मरतात. ज्या पाण्यात उकडली ते पाणी ओतून टाकू नका, टॉरिन पाण्यात उतरतं, ते भातात घाला. आणि रोज नुसते तारले-बांगडेच नको. तेलकट मासळीवरच वाढलेल्या मांजरात ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते, हात लावला तरी कळवळतं. आठवड्यातले दोन दिवस मासळीऐवजी अंडं, एक दिवस चिकनवाल्याकडून काळीज (कलेजी) आणि पेटा मिळतो तो. काळीज मात्र आठवड्याला एकदाच आणि थोडंच.

तारले मिळाले तर एक युक्ती. स्वच्छ करून अगदी कमी पाण्यात कुकरला पाऊण तास मंद गॅसवर ठेवा, काटे इतके मऊ होतात की बोटानं चुरडतात, मग काट्यासकट कुसकरून द्यायचे, कॅल्शियमही गेलं पोटात. बांगड्याचे काटे तसे मऊ पडत नाहीत, ते काढून टाका. ज्या दिवशी अंडं नाहीतर चिकन असेल त्या दिवशी अंड्याची कवचं धुऊन, उकळून, कडक उन्हात नाहीतर तव्यावर वाळवून मिक्सरला अगदी मैद्यासारखी करून ठेवा, मोतीच्या भातात त्यातला पाव ते अर्धा छोटा चमचा, मांजराला चिमूट. घरच्या खाण्यात सगळ्यात आधी कमी पडतं ते हेच, आणि ते फुकट आहे.

आता जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, ६१ दिवस, आणि तुमच्या घरात तर पगारच बंद. तेव्हा आगोटीची यादी माणसांची आणि जनावरांची एकाच कागदावर करा. रेशनकार्ड प्राधान्य गटातलं असेल तर माणशी ५ किलो, अंत्योदय असेल तर घराला ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे, तेवढे पैसे यादीतून आधीच वजा करा. मग कुळीथ दोन किलो. भाजून दळून पिठी करून ठेवली की चौघांच्या पिठीला एका वेळी अर्धी वाटी पुष्कळ झाली, दोन किलोत पंचवीस-तीस वेळा तरी होते, आणि कुळथात शंभराला वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं आहेत, म्हणजे मासळी नाही म्हणून रडायचं कारण नाही. काळे वाटाणे, चवळी, कडवे वाल एकेक-दीड किलो, रात्री भिजत घातले की कुकरच्या शिट्ट्या निम्म्या. नाचणी असू द्या, मुलीच्या वयाला तर हवीच, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दूध कमी आणावं लागतं त्या दिवसांत भाकरी दोन जास्त करा. आठळ्या साठवा, फणस फुकट आहे तोवर कंटाळा करू नका, जुलैत काळ्या वाटाण्याच्या उसळीत चार आठळ्या पडल्या की उसळ दीडपट होते. पाऊस पडला की टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवग्याचा पाला दारात, त्या दोन महिन्यात भाजीच्या गाडीवर पैसे घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे, टोमॅटो नसला तर आमसुलं आहेत. ओल्या नारळाचा रस काढून उरलेला चोथा लसणीच्या चटणीत नाहीतर भाकरीच्या पिठात, टाकायचा नाही.

सुकी मासळी घेताना डोकं वापरा. सुका बोंबील बहुतेक बिनमिठाचाच वाळवलेला असतो, जवळाही कमी खारट असतो. खारा बांगडा म्हणजे मिठात मुरवलेला, तो तुमचा, मांजराचा नाही. बोंबील कोमट पाण्यात तासभर भिजवून, पाणी टाकून, परत धुऊन उकडा, मग द्या, तेही चवीपुरतं. मागे एकदा मी घाईत न धुता सुकटच घातली चिमीला तर रात्रभर पाण्याच्या वाटीशी आणि सकाळी पायपुसण्यावर उलटी. सुकी मासळी मेच्या शेवटच्या आठवड्यात परत एकदा उन्हाला दाखवून बरणीत भरा, पत्र्याच्या डब्यात नको, तो गंजतो.

बंदीत जनावरांचा मुख्य आधार अंडी आणि चिकनवाल्याकडचे तुकडे: मान (शिजवून हाडं काढून), पेटा, आणि आठवड्यातून एकदाच थोडं काळीज. त्याला आत्ताच सांगून ठेवा, कारण जूनमध्ये सगळेच मागायला जातात. मुलीला मोतीचा वाटा मोजायचं काम द्या, वजनकाट्यावर, तिला पाकिटाचं शास्त्र आवडतं ना. आणि मोतीच्या पाठीवर हात फिरवून बरगड्या हलक्या लागतायत का ते महिन्यातून एकदा बघायचं, अजिबात लागत नसतील तर भात कमी, नजरेला दिसत असतील तर वाढवा. सासूबाईंना सांगा मोती अजून तांदळावरच आहे. खोटं नाही ते.

प्रश्न: मी रत्नागिरीत एकटा राहतो, पेन्शनर, घरात पूर्ण शाकाहार. पावसात एक मांजर पडवीत आलं ते गेलंच नाही. दूधभात, तूपभात, वरणभात खातं, आता पोळीही खातं. अर्धा लिटर दुधात आमचं दोघांचं भागत नाही. त्याला शाकाहारी ठेवायचं तर अजून काय द्यावं?

उत्तर: काका, शाकाहारी ठेवायचं नाही. वर देवगडच्या ताईंना लिहिलंय ते वाचा, डोळ्यांचं आणि हृदयाचं. ते पोळी खातं कारण त्याला भूक लागलीय, पसंत आहे म्हणून नाही.

आणि दूध तर आधी बंद करा, तुमच्या पत्रातली सगळ्यात सोपी बचत तीच. मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही, बऱ्याच जणांना त्यानं ढाळ लागतात, पाण्याची वाटी भरून ठेवा बास. तुमच्या स्वयंपाकघरात मासळी यायला नको हे मी समजू शकते, आमच्या आजोळीही पडवीच्या पलीकडे अंडं येत नसे. तर मग पाकीट हाच तुमचा मार्ग. एका मांजराला दिवसाला ६०-६५ ग्रॅम म्हणजे महिन्याला दोन किलोच्या आतच लागतं. दुधाचे, तुपाचे वाचलेले पैसे मोजलेत तर फार फरक पडायचा नाही, तुम्ही हिशोबी माणूस दिसता, अक्षरावरून, तेव्हा वहीत मांडून बघा. दाण्यांवर थोडं कोमट पाणी घाला, मांजरं मुळात पाणी कमी पितात, त्यात बोके लघवी अडून आजारी पडतात. बोका आहे की भाटी हे आधी बघून घ्या. भाटी असेल तर ऑपरेशन लवकर करून घ्या, नाहीतर चार महिन्यांनी मला पाच मांजरांचं पत्र येईल.

प्रश्न: आम्ही दोघं मुंबई सोडून दापोलीजवळ तीन खोल्यांचा होमस्टे चालवतो. पाहुण्यांच्या ताटातलं बरंच उरतं, टाकवत नाही. दारात पाच कुत्रे जमतात, त्यात दोन पिल्लं. सगळं एकत्र करून घालतो, चालेल ना? पाहुणे म्हणतात बिस्किटं द्या.

उत्तर: ताटातलं उरतं याचा अर्थ तुम्ही वाढताय जास्त, तो वेगळा प्रश्न आहे आणि पैशाचाही आहे. एका बाजूला दोन बादल्या ठेवा. एकीत कोरडा भात, भाकरी, पोळी, घावन, उकडलेली भाजी, हे कुत्र्यांना. दुसरीत कालवण, कांद्याची कोशिंबीर, कोंबडीची हाडं, हे खड्ड्यात. शिजलेलं कोंबडीचं हाड दाताखाली उभं चिरतं, टोकं होतात, घशात आतड्यात रुततात. आणि या दिवसांत आंब्याचे बाठे! कुत्रा अख्खा बाठा गिळतो आणि तो आतड्यात अडकतो, त्याचं पोट फाडून ऑपरेशन करावं लागतं, हर्णैच्या अख्ख्या लिलावातली सुरमई घेतली असती तेवढं बिल होतं (बरं, अख्ख्या नाही, पण एका टोपलीची नक्की). बाठे झाकणाच्या डब्यात.

बिस्किटं म्हणजे मैदा आणि साखर, पाच रुपयात पाहुण्यांचं समाधान. त्याच पैशात अंडी घेतलीत तर पिल्लांचं भलं होईल. पिल्लांना दिवसातून तीनचार वेळा थोडं थोडं आणि अंडं-मासळी जास्त, भात कमी. पण खाण्याआधी एक काम करा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन पाचही जणांच्या रेबीजच्या लशीचं विचारा, खाजगीपेक्षा तिथे पुष्कळ स्वस्त पडतं. तुमच्याकडे परकी माणसं, लहान मुलं येतात, त्यांच्यात हे कुत्रे वावरणार. ऑपरेशनचंही तिथेच विचारा.

प्रश्न: २० किलोची पिशवी घेतली तर किलोमागे बरेच पैसे वाचतात. घ्यावी का? (गुहागर)

उत्तर: ऑक्टोबरात घ्या. जूनमध्ये अजिबात नाही, आणि हे मी पदरच्या पैशानं शिकलेय. तीन वर्षांपूर्वी मिरगाच्या आधी मोठी पिशवी आणली, किलोमागचे वाचलेले पैसे आमच्या ह्यांना दोनदा सांगितले, तोंड सुतळीनं बांधून कोठीत ठेवली. जुलैच्या मध्यावर हात घातला तर तळचे दाणे दमट, एकमेकांना चिकटलेले, त्यावर हिरवट भुकटी आणि वास जुन्या गोणपाटाचा. वरचे चांगले दिसत होते, ह्यांचं म्हणणं पडलं निवडून घालू. नाही घातले. बुरशी धरलेल्या धान्यात अफ्लाटॉक्सिन होतं, ते कुत्र्याचं यकृत घालवतं आणि उकळून तळूनही जात नाही. नऊ किलो खड्ड्यात पुरलं, वर दगड ठेवला नाहीतर खंड्यानं उकरून काढलं असतं.

पावसाळ्यात पंधरा दिवस पुरेल एवढंच आणा. पिशवी मूळचीच ठेवा, ती अख्खी घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, ओला हात किंवा ओला पेला आत जाऊ देऊ नका. मोठी पिशवी हवीच असेल तर शेजारीपाजारी तिघांनी मिळून घ्या, त्याच दिवशी वाटून टाका. आणि उंदराकडे लक्ष, दाण्यांच्या वासानं उंदीर येतात, त्यांच्या मुतातून लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) पसरतो, आपल्या कोकणात पावसात तो माणसांनाही होतो. रात्री भांड्यात उरलेलं तसंच ठेवू नका, उचला.

प्रश्न: सुकटीचा चुरा आणि मासळीची आतडी कोंबड्यांना घातली तर चालतं का? खाद्य महाग झालंय. (वेंगुर्ला)

उत्तर: चुरा चालतो, धुतलेला, थोडा. जास्त झाला की अंड्याला मासळीचा वास येतो आणि मग घरातलेच नाक मुरडतात. आतडी उकडून घाला, कच्ची टाकलीत तर कावळे, मांजरं, मुंगूस सगळेच जमतील. अंड्यांची कवचं त्यांनाही घाला पण बारीक चुरून, तशीच टाकलीत तर स्वतःची अंडी फोडायची खोड लागते.

प्रश्न: आमची मनी ताज्या बांगड्याशिवाय कशाला तोंड लावत नाही. श्रावणात आमच्याकडे मासळी बंद, बंदीत तर मिळतच नाही, मिळाली तर परवडत नाही. दोन दिवस उपाशी ठेवली की झक मारत खाईल असं भाऊजी म्हणतात. (मालवण)

उत्तर: भाऊजींना कुत्र्याचा अनुभव असणार. कुत्र्याचं तसं चालून जातं, मांजराचं नाही. मांजर, त्यातून जाडजूड असेल तर, दोनतीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते आणि मग खायला दिलं तरी खात नाही. तेव्हा उपासाची शिक्षा नको.

आत्ता मे आहे, बांगडा आहे, आत्ताच सवय लावा. उकडलेला बांगडा काटे काढून कुसकरा आणि त्यात चमचाभर उकडलेलं अंडं मिसळा, एवढंच की तिला कळू नये. दोनतीन दिवसांनी दोन चमचे. पंधरा दिवसांत निम्मं अंडं-चिकन व्हायला हवं. तिनं वास घेऊन पाठ फिरवली तर एक पाऊल मागे, परत पहिल्या चमच्यापासून. बांगड्याचं उकडलेलं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेवा, मीठ न घालता, मे संपेपर्यंत चारपाच ट्रे होतील, खडे गोठले की पिशवीत भरून फ्रीझरमध्ये. बंदीत रोज एक खडा चिकनवर वितळवून घातला की वास बांगड्याचाच येतो. तुमच्याकडे वीज किती जाते ते बघून करा पण, पाणी एकदा वितळून परत गोठलं तर ते टाकून द्या. आणि चोवीस तासांत तिनं काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरकडे न्या, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.